नावं सरकली, रंग राहिले

पडद्यावरचं अक्षर बदलतं तेव्हा नेमकं काय होतं, हे मला पहिल्यांदा विचारलं ते कामोठ्यातल्या एका क्लासवाल्या सरांनी, आणि तेसुद्धा भांडायला आले असताना. त्यांच्या क्लासच्या दारात आम्ही एक मोठा पडदा लावून दिला होता. कोणता वर्ग कोणत्या खोलीत, तास सुरू आहे की रद्द, एवढंच त्यावर दिसायचं. सरांचं म्हणणं, पडदा बदलतच नाही. मी त्यांच्यादेखत एक तास रद्द केला. ती ओळ जागच्या जागी लाल झाली. सर म्हणाले, "हो, पण लुकलुकला कुठे? आधीचा कसा क्षणभर पांढरा व्हायचा, मग सगळं नवं यायचं. पोरांचं लक्ष जायचं. हा गुपचूप बदलतो. कळतच नाही कोणाला."

ज्या गोष्टीचा आम्हाला अभिमान होता, तीच त्यांची तक्रार होती. सर गेल्यावर आम्ही ऑफिसात पुष्कळ हसलो.

ऑफिस म्हणजे जुन्या पनवेलमध्ये एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालक इक्बालभाई. आखातात कितीतरी वर्षं संगणकांची देखभाल करून परत आलेले, पन्नाशीला टेकलेले, आणि त्या वयात पुन्हा कोड लिहायला शिकलेले. मी मुलं मोठी झाल्यावर कामाच्या शोधात निघाले तेव्हा मधली कोरी वर्षं बघून सगळीकडे नकार मिळत होता. इक्बालभाईंनी माझा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "माधुरीताई, चुकलं तर सांगता का लपवता?" मी म्हटलं, सांगते. झालं, नोकरी लागली. पडदे ते स्वतः लिहीत. पडद्यांना माहिती पुरवणारी मागची बाजू माझी, आणि सगळं तपासून बघणंही माझ्याकडे.

ज्यांना या धंद्याची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पूर्वी पानावर एक शब्द जरी बदलायचा झाला तरी अख्खं पान पुसून पुन्हा काढलं जाई. लुकलुक व्हायची ती त्यामुळे. मग एक नवी लायब्ररी आली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला, आपण आपल्या कामात जोडून घ्यायचा कोड. हिला कुठे काय खोडा हे सांगायचं नसतं. आता पडद्यावर काय दिसायला हवं तेवढं सांगायचं. मग ती संगणकाच्या आतच त्याचा एक कच्चा आराखडा करते, मघाच्या आराखड्याशी ताडून बघते, आणि जिथे फरक सापडेल तेवढीच जागा खऱ्या पडद्यावर बदलते. बाकीच्याला हातही लावत नाही. एखाद्याच्या शर्टाचं एक बटण बदलावं आणि शर्ट अंगातून काढायलाही लागू नये, इतकं ते सफाईदार. आम्हाला दोघांनाही त्याचं वेड लागलं होतं.

त्याच सुमारास पळस्प्याच्या बाजूला महामार्गावरच्या एका खाजगी हॉस्पिटलचं काम आलं. अपघाताचे पेशंट तिथे रोजचेच. एखादी मोठी टक्कर झाली की नातेवाइकांची झुंबड काउंटरवर उडायची आणि काउंटरवरच्या मुलीला प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागायचं. त्यांना हॉलमध्ये एक पडदा हवा होता. पेशंटचं नाव, वय, गाव आणि पुढे तो आता कुठे आहे ते. पिवळ्या रंगात 'तपासणी सुरू', हिरव्यात 'वॉर्डात, प्रकृती स्थिर', आणि लाल रंगात 'नातेवाइकांनी तातडीने आयसीयूत डॉक्टरांना भेटावे'. लाल ओळीचे शब्द ठरवायला हॉस्पिटलची माणसं बराच वेळ बसली होती. कोणाला धक्का बसू नये, पण माणूस धावत मात्र यावा, असे शब्द हवे होते.

पडदा लागला. काउंटरवरची प्रणाली ही मुलगी माहिती भरायला झटकन शिकली. सुरुवातीचे दिवस मी आणि इक्बालभाई आलटून पालटून तिथे जाऊन बसत होतो. काही अडलं तर जवळ असावं म्हणून.

त्या सकाळी आम्ही दोघंही तिथे होतो. एका कारखान्याची कामगारांची बस पळस्प्याच्या जंक्शनजवळ ट्रेलरवर आदळली होती. रुग्णवाहिका एकामागून एक आत येत होत्या. स्ट्रेचरच्या चाकांचे आवाज, फिनेलचा वास, आणि हॉलमध्ये जमत जाणारी माणसं. कोणी घरातल्या चपलांवर आलेलं, कोणी हातात तसाच टिफिन घेऊन. प्रणाली नावं भरत होती आणि पडद्यावर ओळी उमटत होत्या. माणसं काउंटरकडे न धावता वर बघत उभी राहिली. खरं सांगते, मला त्या घटकेला बरं वाटलं. आपलं काम कोणाच्या तरी उपयोगाला येतंय असं वाटलं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर रेश्मा नावाची एक बाई बसली होती. कामोठ्याची. घरी शिवणकाम करणारी असावी, कारण गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती, तिला ती काढायचंही सुचलं नव्हतं. तिचा नवरा संदीप त्या बसमध्ये होता. पडद्यावर दुसऱ्या ओळीत त्याचं नाव होतं, पिवळ्या रंगात. आयसीयूच्या दारातून तिला आत सोडलं नव्हतं. तपासणी चालू आहे, बाहेर थांबा, बोलावू, असं सांगितलं होतं. मग कसल्याशा कागदावर सही करायला तिला काउंटरवर बोलावलं म्हणून ती उठून गेली.

ती पाठमोरी होती तेवढ्यात पडद्यावर दोन बदल झाले. दुसरी ओळ लाल झाली; ती कोणाची, इकडे माझं लक्ष नव्हतं. आणि पाठोपाठ पहिल्या, हिरव्या ओळीतलं नाव गेलं. तो एक तरुण मुलगा होता, हाताला खरचटण्यापलीकडे काही झालेलं नव्हतं, पट्टी बांधून त्याला घरी सोडलं होतं. त्याचं नाव निघालं तशी खालची नावं एकेक घर वर सरकली. एकदाही लुकलुक झाली नाही. मी इक्बालभाईंना कोपराने खुणावलं, बघा कसं सुरेख सरकलं. तेही मान हलवून हसले.

रेश्मा परत आली, वर बघितलं आणि तिने तोंडावर हात धरला. पहिल्या ओळीत संदीपचं नाव होतं आणि पुढे हिरव्या अक्षरांत 'वॉर्डात, प्रकृती स्थिर'. ती माझा हात धरून रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. जरा शांत झाल्यावर म्हणाली, त्यांचा चष्मा फुटला असणार, त्यांना चष्म्याशिवाय काही दिसत नाही, दुसरा घरी आहे, तो आणि कपडे घेऊन येते, रिक्षाने काय, गेले आणि आले. मी म्हटलं, जा, आता काळजी नाही. निघताना तिने गळ्यातली मोजपट्टी काढून पर्समध्ये ठेवली.

ती गेली आणि एक वयस्क गृहस्थ माझ्याजवळ आले. आपट्याचे बाळाराम घरत. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अंगात शेतावरचा सदरा. त्यांचा मुलगा नितीन त्याच बसमध्ये होता. ते म्हणाले, "बाय, माज्या पोराचं नाव कुठं हाय त्या पाटीवर? मला नाय दिसत. चष्मा नाय आणला."

मी वर पाहिलं. दुसरी ओळ. नितीन बाळाराम घरत, आपटा. लाल.

मी ते त्यांना वाचून दाखवलं. शब्द मी निवडलेले नव्हते, पण आवाज माझा होता. त्यांनी पुन्हा विचारलं, तातडीने म्हणजे काय. ते खाली बसले नाहीत, रडलेही नाहीत. भिंतीला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "त्याची आय भायेर बसलीय. तिला आमी काय सांगू?" मी म्हटलं, काका, आधी डॉक्टरांना भेटू, चला, मी येते. त्यांचा हात धरला तेव्हा तो इतका थंड होता की मीच दचकले. त्या लांब बोळातून आम्ही दोघं चालत गेलो. ते मध्येच थांबत, माझ्याकडे बघत, मी पुन्हा हात ओढत असे.

आयसीयूच्या दारात सिस्टर उभीच होती. तिने घाईने विचारलं, "संदीपचे नातेवाईक ना? कुठे होता इतका वेळ?"

बाळारामकाका म्हणाले, नितीन. नितीन घरत.

"नितीन इथे नाही. तो वरच्या वॉर्डात आहे. पाय मोडलाय, बाकी ठीक आहे. चहा मागतोय मघापासून."

काका तिथेच मटकन जमिनीवर बसले. सिस्टरने त्यांच्या खांद्याला धरलं. ते हसत होते की रडत होते मला सांगता येणार नाही, कारण मी त्यांच्याकडे बघत नव्हते. सिस्टरचं पहिलं वाक्य माझ्या कानात तेव्हा कुठे उतरत होतं. संदीपचे नातेवाईक ना. म्हणजे लाल ओळ संदीपची होती.

मी धावत हॉलमध्ये आले. पडद्यावर संदीप अजून हिरवा होता. प्रणालीच्या समोरच्या संगणकावर मात्र तो लाल होता, तिने भरला होता तसा. एकाच माणसाच्या नावापुढे दोन जागी दोन रंग. मला काही कळेना. प्रणालीने फॉर्मवरचा नंबर बघून रेश्माला फोन लावला. लागेना. सारखा व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. फोन बिघडला असेल असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं. ती सगळ्यांना कळवत होती. सासूला, दिरांना, माहेरी. ते सुखरूप आहेत म्हणून एकेकाला फोन करून सांगत होती.

इक्बालभाईंनी फॉर्मवरचा पत्ता वाचला आणि स्कूटर काढली. कामोठ्यात ती त्यांना इमारतीच्या दारातच भेटली. हातात पिशवी, भोवती शेजारणी, चेहऱ्यावर हसू. इक्बालभाईंनी नंतर मला सांगितलं की तिथे त्यांच्या तोंडून खरं काही निघेना. वहिनी, डॉक्टरांनी लगेच बोलावलंय, एवढंच ते म्हणाले. ती पिशवी मांडीवर घेऊन स्कूटरवर मागे बसली आणि वाटेत त्यांना संदीपबद्दल सांगत राहिली.

ती पोहोचली तेव्हा संदीप गेलेला होता. नुकताच.

त्या दुपारी हॉलमध्ये जे झालं ते मी इथे सगळं लिहीत नाही. माणसं पडद्याकडे बोट दाखवून ओरडत होती. कोणीतरी पडदा बंद करून पुन्हा चालू केला, आणि पुन्हा चालू झाल्यावर त्यावर सगळं बरोबर दिसायला लागलं. संदीपचं नाव लाल, नितीनचं हिरवं. हॉस्पिटलचे मॅनेजर आले, त्यांनी वर पाहिलं, प्रणालीचा संगणक पाहिला, आणि ठरवून टाकलं की मुलीने आधी चुकीचं भरलं आणि बोंब झाल्यावर हळूच दुरुस्त केलं. सगळ्या नातेवाइकांसमोर, सगळ्या स्टाफसमोर तिला उभं करून बोलले आणि घरी पाठवलं. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, मी संदीपच्याच नावावर लाल केलं होतं. कोणी ऐकून घेतलं नाही. मी मध्ये पडून म्हटलं की तिच्या संगणकावर बरोबर होतं, मी पाहिलं आहे. मॅनेजर म्हणाले, तुम्ही पाहिलंत ते तिने बदलल्यावर.

मला रात्रभर बाळारामकाकांचा हात आठवत राहिला, आणि मी रेश्माला म्हटलेलं, जा, आता काळजी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात तोच पडदा उघडला आणि मोडायला बसले. माणसांची नावं घालायचा धीर होईना म्हणून फळांची नावं घातली. हापूस, फणस, काजू, जांभूळ. रंग बदलून बघितले, बरोबर. नवी नावं जोडली, बरोबर. भराभर वीस बदल केले, सगळे बरोबर. पडदा माझ्यासमोर अगदी शहाण्यासारखा वागत होता. शेवटी मी प्रणालीला फोन केला. तिचा आवाज बसला होता. मी म्हटलं, मला तुझी चूक शोधायची नाही, काल संदीपचं नाव लाल केल्यावर तू लगेच पुढे काय केलंस, तेवढं आठवून सांग. ती म्हणाली, काही नाही, तो हाताला लागलेला मुलगा घरी गेला म्हणून त्याचं नाव काढलं.

नाव काढलं. मी सकाळपासून एकही नाव काढलं नव्हतं.

मी हापूस हिरवा केला, फणस लाल केला, काजू हिरवा ठेवला. मग पहिलं नाव, हापूस, काढून टाकलं. नावं सुरेख सरकली. फणस वर आला आणि हिरवा झाला. काजू वर आला आणि लाल झाला.

मी खुर्चीतून उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. खालच्या दुकानात कोणीतरी वह्यांचे गठ्ठे उतरवत होतं. परत येऊन पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. पान नव्याने उघडलं की सगळं बरोबर, आणि वरचं नाव काढलं की पुन्हा तेच.

यात काय झालं होतं ते सोपं आहे, आणि म्हणूनच भयंकर आहे. समजा पंगत बसली आहे. वाढप्याला माणसं नावाने ओळखता येत नाहीत, तो पाटाच्या क्रमाने ओळखतो. पहिल्या पाटावरचा माणूस उठून गेला आणि बाकीचे एकेक पाट पुढे सरकले. ताटं मात्र जागेवरच राहिली. आता प्रत्येकाच्या पुढ्यात दुसऱ्याचं ताट आलं. वाढपी बघतो तर पहिल्या पाटावर माणूस आहे, समोर ताट आहे. त्याच्या लेखी सगळं ठीक. आमची लायब्ररी तशी वागली. प्रत्येक ओळीला आपापला रंग आणि त्याचे शब्द लक्षात ठेवायला लावलेलं होतं. ओळ ओळखायची कशी, तर तिला प्रत्येक माणसासाठी एक कायमची खूण द्यावी लागते, म्हणजे माणूस कुठेही सरकला तरी त्याचा रंग त्याच्याबरोबर जातो. तशी खूण न देता तिला ओळीचा क्रमांक दिलेला होता. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. नावं सरकली, रंग राहिले. लायब्ररीची काही चूक नव्हती. तिला जे सांगितलं होतं तेच तिने केलं.

तो ओळ दाखवणारा कोडचा तुकडा मूळ कामोठ्याच्या त्या क्लाससाठी लिहिलेला होता. तिथे दिवसभरात नवा तास खाली जोडला जाई, कधी काढला जात नसे. म्हणून तिथे वर्षभर काही बिघडलं नाही. तोच तुकडा उचलून हॉस्पिटलच्या पडद्यात घातला होता.

इक्बालभाई आले. मी काही न बोलता त्यांना हापूस, फणस, काजू दाखवलं. त्यांनी स्वतः माऊस हातात घेऊन पुन्हा केलं. मग कोड उघडला, ती जागा शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं. म्हणाले, "ही ओळ माझी आहे, माधुरीताई." त्यांनी क्रमांकाच्या जागी पेशंटच्या नोंदणीची खूण लिहिली. एक शब्द बदलला. फणस काढला, काजू सरकला, रंग त्याच्याबरोबर गेला. ते उठले आणि नमाजाला निघून गेले. परत आले तेव्हा दारातूनच म्हणाले, चला, सांगून येऊ.

मॅनेजरना आम्ही नको होतो. मुलीला काढलंय, प्रकरण निवळतंय, आता तुम्ही येऊन स्वतःच्या तोंडाने काय सांगताय, असं त्यांचं म्हणणं पडलं. वकिलांना विचारावं लागेल, तोवर कोणाशी बोलू नका, असंही म्हणाले. इक्बालभाई आवाज न चढवता तिथेच थांबले. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना हॉलमध्ये बोलावून घ्यायची विनंती केली आणि त्यांच्यासमोर जुना पडदा लावून पुन्हा सगळं करून दाखवलं. डॉक्टरांनी स्वतः एक नाव काढून बघितलं. मग मॅनेजरना म्हणाले, त्या मुलीला बोलवा.

प्रणाली आली ती एका अटीवर. ज्यांच्यासमोर मला बोललात त्या सगळ्यांसमोर सांगा की चूक माझी नव्हती. मॅनेजरनी सांगितलं. फार तुटक, खाली बघत, पण सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर आली, संध्याकाळपर्यंत बसली, आणि जाताना राजीनामा देऊन गेली. पुढे ती पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. भेटली की आजही थांबून बोलते.

हॉस्पिटलने पडदा उतरवला. आमचं काम गेलं, आणि त्यानंतर आणखी दोन ठिकाणची कामं गेली, कारण अशा गोष्टी पनवेलमध्ये लपून राहत नाहीत. त्याचं आम्हाला फार वाटलं नाही. वाटत होतं ते वेगळंच. रेश्माला सांगायचं होतं.

वकिलांनी नको म्हटलं होतं. तरी काही दिवस गेल्यावर आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. तिचा दीर होता, त्याने आम्हाला बसायला सांगितलं आणि स्वतः उभा राहिला. मी सांगायला सुरुवात केली. पडदा कसा चालतो, नावं कशी सरकली, रंग कसा मागे राहिला. ती खाली बघून ऐकत होती. मी थांबले तेव्हा इक्बालभाई म्हणाले, ती ओळ मी लिहिली होती.

दीर पुढे आला. तिने हात करून त्याला थांबवलं आणि इक्बालभाईंना विचारलं, "दुरुस्त करायला किती काम होतं?"

ते म्हणाले, एक शब्द.

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ते शुद्धीवर होते. सिस्टर म्हणाली मला. मी आले का ते विचारत होते. आणि मी चष्मा शोधत होते इथे."

आम्हाला तिने हाकललं असतं, शिव्या दिल्या असत्या, पोलिसांत जाते म्हणाली असती, तर सोपं गेलं असतं. आम्ही त्याची तयारी करूनच गेलो होतो. इक्बालभाईंनी तिला तसं सांगितलंही, की तक्रार करायची असेल तर आमच्या हातचं लिहून देतो. ती नको म्हणाली.

आम्ही उठलो तेव्हा तिने मला दारात थांबवलं. विचारलं, "यांचा लाल रंग ज्याच्या नावावर गेला, तो कोण होता?"

मी म्हटलं, आपट्याचा एक मुलगा. यांच्याच बसमधला.

"तो आहे?"

आहे, मी म्हटलं. पाय मोडला होता, बरा होतोय.

तिने मान हलवली. मग म्हणाली, "त्याला यातलं काही सांगू नका. त्याच्या वडिलांनाही नको. पोरगा जन्मभर मनाला लावून घेईल."

त्या वाक्याने मला जो धक्का बसला तो फणस हिरवा झालेला बघतानाही बसला नव्हता. तिने दार लावून घेतलं.

इक्बालभाई आता थकलेत, कोड लिहीत नाहीत. मी अजून लिहिते. नवा पडदा कोणाचाही असो, दुकानाचा, बँकेचा, शाळेचा, माझ्यासमोर आला की मी सगळ्यात आधी यादीतलं पहिलं नाव काढून बघते. नव्या पोरापोरींना मी तेच शिकवते आणि त्यांना वाटतं बाईंची ही एक लहर आहे. का ते मी कधी सांगितलं नव्हतं.

बाळारामकाकांना मी पुढे एकदा भेटले. त्यांना पाटी चुकली होती एवढंच ठाऊक होतं. त्यांनी मला घरी नेलं, नितीन काठी टेकत बाहेर आला आणि माझ्या पाया पडला, कारण मी त्याच्या बापाचा हात धरून बोळातून चालले होते म्हणे. त्याच्या आईने पोहे केले होते. मी ते खाल्ले. सगळे खाल्ले.

हे लिहायच्या आधी मी रेश्माला विचारायला गेले. तिचं मशीन आता दुकानात आहे, हाताखाली दोन बायका आहेत. तिने सगळं ऐकून घेतलं, टाचणी तोंडातून काढली आणि म्हणाली, लिहा, पण त्या मुलाला वाचून स्वतःला ओळखता येईल असं लिहू नका. म्हणून इथली सगळी नावं मी बदलली आहेत, माझंसुद्धा. गावं, अपघात आणि जखमाही बदलल्या आहेत.